मुलाचं हाड म्हणजे मोठ्यांच्या हाडाची छोटी प्रत नव्हे

उत्तरायण जवळ आलं की आपल्या बडोद्यात घरोघरी मांजा, फिरकी आणि तिळगुळाची तयारी सुरू होते. मुलं शाळेतून आली की थेट गच्चीवर. दोन वर्षांपूर्वी १४ जानेवारीला आमचा सहा वर्षांचा नातू कापलेला पतंग धरायला धावला आणि जिन्याच्या चार पायऱ्या घसरून खाली आला. पडताना त्याने हात पुढे टेकला. बघता बघता कोपर सुजलं. माझ्याच तोंडून निघालं, "हाडवैद्याकडे नेऊ या, चोळून बसवून देतील."

माझी पुतणी तेव्हा एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला होती आणि सणासाठी घरी आली होती. ती म्हणाली, "काका, हाताला कोणी चोळायचं नाही, ओढायचं नाही." तिने त्याच्या मनगटातलं कडं अलगद काढलं, दुसऱ्या हातातली चिक्की काढून घेतली आणि रडणाऱ्या पोराशी चक्क दगड-कागद-कात्री खेळायला बसली. मला रागच आला. ही खेळायची वेळ आहे का?

तो खेळ नव्हता, ती तपासणी होती. मी बीकॉम झालेला, सगळी नोकरी बँकेत गेलेली. पण त्या दिवसानंतर मी तिच्याकडून आणि तिच्या पुस्तकांतून हा विषय चिकाटीने समजून घेतला. भावी डॉक्टरांना मुलांच्या हाडांबद्दल जे शिकवतात, त्यातलं थोडं घरच्यांनाही माहीत असायला हवं, असं माझं ठाम मत झालं आहे. म्हणून हा लेख.

शब्दातच मूल आहे

'ऑर्थोपेडिक्स' हा शब्द निकोला आंद्री या फ्रेंच डॉक्टरने १७४१ साली आपल्या पुस्तकाच्या नावासाठी तयार केला. ग्रीक भाषेत 'ऑर्थोस' म्हणजे सरळ आणि 'पेडिऑन' म्हणजे मूल. मुलांच्या शरीरातली व्यंगं टाळावीत कशी आणि सरळ करावीत कशी, हा त्या पुस्तकाचा विषय. त्यात वाकड्या रोपट्याला खांबाला बांधून सरळ केल्याचं चित्र आहे. आजही अनेक अस्थिरोग संघटनांच्या बोधचिन्हात तेच झाड दिसतं. म्हणजे ज्या शास्त्राकडे आपण म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांसाठी जातो, त्याचं नावच मुलांवरून पडलेलं आहे.

विद्यार्थ्यांना या विषयात पहिलं वाक्य शिकवतात ते असं, की मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. मुलाचं हाड लवचीक असतं. ओली फांदी वाकवली की एका बाजूने चिरते, पण तुटून वेगळी होत नाही. मुलांची हाडं अनेकदा तशीच मोडतात. हाडावरचं आवरण जाड असतं, रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यामुळे ती लवकर जुळतात. नवजात बाळाच्या मांडीचं हाड दोन-तीन आठवड्यांत जुळतं, मोठ्या माणसाला त्यासाठी तीन महिने किंवा जास्तही लागतात. शिवाय थोडं वाकडं जुळलेलं हाड वाढताना बरंचसं सरळ होतं. मात्र हाड स्वतःभोवती पिळून जुळलं असेल, तर तो पीळ आपोआप जात नाही.

वाढीचा थर

मुलांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक थर असतो. डॉक्टर त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. हाडाची लांबी तिथूनच वाढते. हा थर आजूबाजूच्या अस्थिबंधांपेक्षा नाजूक असतो. त्यामुळे ज्या पडण्याने मोठ्या माणसाचा पाय नुसता मुरगळतो, त्याच पडण्याने मुलाच्या वाढीच्या थराला इजा होऊ शकते. कॅनडातल्या टोरांटोचे डॉक्टर सॉल्टर आणि हॅरिस यांनी १९६३ साली या इजांचे पाच प्रकार मांडले. तेच आजही जगभरच्या विद्यार्थ्यांना पाठ करावे लागतात. पाचव्या प्रकारात हा थर चेंगरला जातो आणि सुरुवातीच्या एक्स-रेत बहुधा काहीच दिसत नाही. काही महिन्यांनी हाड आखूड किंवा वाकडं वाढताना दिसतं, तेव्हा कळतं. म्हणून प्लास्टर निघाल्यावरही डॉक्टर सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा दाखवायला सांगतात. आपण मात्र "आता खेळतोय की" म्हणून जात नाही. ती फेरी चुकवू नये.

कोपराचा एक्स-रे तर विद्यार्थ्यांची परीक्षाच घेतो. जन्मतः कोपराची टोकं कूर्चेची असतात आणि कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. तिथे हाडाचे सहा ठिपके साधारण एक, तीन, पाच, सात, नऊ आणि अकरा या वर्षांच्या आसपास क्रमाने दिसू लागतात. नवख्याला प्रत्येक ठिपका म्हणजे तुटलेला तुकडा वाटतो, किंवा खरा तुकडा म्हणजे नेहमीचा ठिपका वाटतो. हा क्रम पाठ असला तरच चूक पकडता येते. बँकेत खतावणी तपासताना कुठली नोंद कधी यायला हवी हे ठाऊक असेल तरच गडबड सापडते, तसंच हे.

दगड-कागद-कात्रीचा अर्थ

हात टेकून पडलेल्या मुलाचं दंडाचं हाड कोपराच्या जरा वर मोडतं. मुलांच्या कोपराजवळचा हा सर्वांत जास्त आढळणारा अस्थिभंग. बहुतेक मुलं पाच ते सात वर्षांची असतात. त्या हाडाला लागूनच हाताची मुख्य रोहिणी आणि तीन मोठ्या नसा जातात. सरकलेलं हाड त्यांना टोचू किंवा दाबू शकतं. म्हणून विद्यार्थ्यांना बजावतात, की एक्स-रे बघण्याआधी मुलाचा हात बघा.

पण सहा वर्षांच्या रडणाऱ्या मुलाला "मधली नस चालते का" असं विचारून काय उपयोग? त्यावर हा खेळ आहे. मुलाने दगड म्हणून मूठ वळली की एक नस कळते. कागद म्हणून पंजा उघडून ताठ केला की दुसरी. कात्रीची बोटं फाकवली की तिसरी. आणि अंगठा व तर्जनी जोडून 'छान' म्हणतो तसा गोल केला, की पहिल्या नसेची खोल जाणारी शाखाही चालते हे समजतं. शेवटी नख दाबून पांढरं करायचं आणि सोडायचं. दोन सेकंदांत गुलाबी झालं तर रक्त पोचतं आहे.

आमचे रोखपाल

हे ऐकताना मला एकदम आमच्या शाखेतले एक वडीलधारे रोखपाल आठवले. मी नोकरीला लागलो तेव्हा ते निवृत्तीकडे आलेले होते. त्यांच्या उजव्या हाताची बोटं पंजासारखी आत वळलेली असत. मनगट खाली वाकवलं की ती थोडी उघडत, तेवढ्यात ते नोटांची गड्डी त्यांत अडकवत आणि डाव्या हाताने मोजत. वेग आमच्यापेक्षा जास्त. विचारलं तर एवढंच म्हणत, "लहानपणी पडलो, कोणीतरी घट्ट बांधलं."

पुतणीला मी हे सांगितलं तेव्हा ती गप्प झाली. मग तिने पुस्तकातलं चित्र दाखवलं. हुबेहूब तोच हात. रिचर्ड फॉन फोल्कमान या जर्मन शल्यवैद्याने १८८१ साली हे वर्णन केलं आणि घट्ट पट्ट्या हे त्यामागचं मोठं कारण असल्याचं सांगितलं. सुजलेल्या हातावर पट्टी, बांबूच्या कामट्या किंवा प्लास्टर घट्ट बसलं की आतला दाब वाढतो, स्नायूंना रक्त मिळत नाही आणि काही तासांतच ते मरू लागतात. मेलेला स्नायू आखडतो आणि बोटं कायमची वळतात. हाड बऱ्यापैकी जुळतंही, पण हात जातो.

वेळीच लक्षात आलं तर हे टाळता येतं. विद्यार्थ्यांना यासाठी मुलांच्या बाबतीत तीन खुणा शिकवतात: मूल अस्वस्थ होतं, काही केल्या शांत होत नाही आणि वेदनाशामक औषध पुन्हा पुन्हा लागू लागतं. बोटं हलकेच सरळ केली की ते किंचाळतं. मनगटाची नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नका, हेही शिकवतात, कारण नाडी लागत असतानाही आतले स्नायू गुदमरत असू शकतात. रात्री दोन वाजता या खुणा डॉक्टर नव्हे, आईवडील किंवा आजी-आजोबाच पाहत असतात.

आधी जीव, मग हाड

गच्चीवरून पडलेल्या मुलाचा वाकडा झालेला हात आधी डोळ्यांत भरतो. पण विद्यार्थ्यांना क्रम शिकवतात तो असा: मान न हलवता श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण, मग शुद्ध, आणि त्यानंतर बाकीचं अंग. बँकेला आग लागली तर आधी माणसं बाहेर काढतात, वह्या नंतर.

हा क्रम जगभर पोचवणाऱ्या अभ्यासक्रमाची सुरुवात एका अस्थिरोगतज्ज्ञ बापापासून झाली. फेब्रुवारी १९७६ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात डॉ. जेम्स स्टायनर यांचं छोटं विमान कोसळलं. पत्नी जागीच गेल्या, चारपैकी तीन मुलं गंभीर जखमी झाली. जवळच्या लहान रुग्णालयात मिळालेले उपचार पाहून त्यांना जाणवलं, की तिथल्या डॉक्टरांना अशा प्रसंगाचं शिक्षणच मिळालेलं नाही. सहकाऱ्यांबरोबर त्यांनी १९७८ मध्ये पहिला अभ्यासवर्ग घेतला. १९८० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने तो स्वीकारला.

मुलांच्या बाबतीत त्यात एक जास्तीचा इशारा असतो. मुलाच्या अंगात किलोमागे सुमारे ८० मिलिलिटर रक्त असतं. २० किलोच्या मुलाचा सगळा साठा दीड लिटरच्या थोडा वर. बरंच रक्त जाईपर्यंत त्याचा रक्तदाब टिकून राहतो, आणि मग एकदम कोसळतो. त्याआधी नाडी जलद होते, हातपाय थंड पडतात. म्हणून रक्तदाब ठीक आहे एवढ्यावर समाधान मानू नये, असं सांगतात.

आपल्याकडे २०१९ च्या तुकडीपासून एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम आला. त्यात नुसतं 'माहीत आहे' पुरत नाही, 'करून दाखवता येतं' हेही पाहतात. कौशल्य प्रयोगशाळेत पुतळ्यावर आधी सराव होतो. पण रडणाऱ्या मुलाला आईच्या मांडीवरच बसू देणं, दुखरी जागा सर्वांत शेवटी तपासणं, हे वॉर्डात वरिष्ठांना पाहूनच शिकायला मिळतं, असं पुतणी सांगते.

घरच्यांनी एवढं करावं

- चोळू नये, ओढू नये, बसवू नये. हात किंवा पाय आहे त्याच स्थितीत घडी केलेल्या वर्तमानपत्राचा आधार देऊन ओढणीने सैल बांधावा.
- कडं, बांगडी, अंगठी, मनगटाचा दोरा लगेच काढावा. सूज वाढली की निघत नाही.
- जखम असेल तर स्वच्छ कापडाने झाकावी.
- खायला-प्यायला देऊ नये. भूल द्यावी लागू शकते.
- उंचावरून पडलं असेल, मान दुखत असेल, उलटी होत असेल किंवा मूल गुंगीत असेल तर उचलू नये, १०८ ला फोन करावा.
- प्लास्टरनंतर हात उशीवर उंच ठेवावा. दुखणं वाढत गेलं, बोटं बधिर, थंड, पांढरी किंवा निळी झाली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालयात जावं.

आमच्या नातवाची दुपारी उंधियू-जिलबी झाली होती, म्हणून भुलेसाठी काही तास थांबावं लागलं. डॉक्टरांनी हाड जुळवून दोन तारा घातल्या, पुढे त्या काढल्या. आज तो दोन्ही हातांनी फिरकी धरतो. त्याचा हात पूर्ण सरळ होताना पाहिला, की मला ते रोखपाल आठवतात. त्यांच्या घरच्यांनीही माझ्यासारखंच, मायेपोटीच, "बांधून घेऊ या" म्हटलं असणार.