गिअरपेटीची भाषा

श्रोतेहो, क्लच दाबण्याची आणि गिअर बदलण्याची दगदग चालकाकडून काढून घेणाऱ्या मोटारी आता आमच्या खैरलांजीसारख्या गावच्या रस्त्यांवरही दिसतात. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३९ साली ही सोय घाऊक प्रमाणावर बाजारात आणली. पूर्वी गिअरपेटीतील बिघाड हाताला कळे. आता कानावरच विसंबावे लागते.

मात्र प्रत्येक आवाज म्हणजे बिघाड नव्हे. मारुतीच्या सेलेरिओत २०१४ साली आलेल्या व्यवस्थेत नेहमीचाच क्लच आणि नेहमीचेच गिअर यंत्र हलविते. दार उघडताच येणारी गुणगुण त्यासाठी दाब तयार करणाऱ्या पंपाची असते.

पूर्ण स्वयंचलित गिअरपेटीची रचना निराळी. तिच्यात इंजिनाची शक्ती तेलातून पुढे जाते आणि ते तेल खेळविणारा पंप इंजिनाबरोबर फिरतो. म्हणून आवाज आला की पाहावे, तो कोणाच्या तालावर चालतो. गाडी उभी असूनही इंजिनाच्या गतीबरोबर घरघर वाढत असेल, तर तेल कमी असण्याचा किंवा गाळणी तुंबल्याचा संशय घ्यावा. इंजिनाची गती कशीही असो, आवाज चाकांच्या वेगानेच वाढत असेल, तर दोष बहुधा चाकाच्या बेअरिंगमध्ये असतो. गिअरपेटी उगाच उघडू नये. गाडी चालू स्थितीत घेताना केवळ एकच धक्का बसत असेल, तर इंजिनाखालची रबरे तपासावीत. तेल ताजे असता बहुधा लाल दिसते. ते काळवंडून जळका वास येऊ लागला, तर आतील क्लच-पट्ट्या झिजल्या असे समजावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. गाडी बंद पडली की आपण दोरखंड बांधून ती ट्रॅक्टरमागे ओढीत वारासिवनीकडे नेतो. जुन्या गाडीला ते चाले. या गाडीचे इंजिन बंद म्हणजे पंपही बंद. चाके मात्र आतील भाग तेलाविना फिरवीत राहतात. किरकोळ दुरुस्तीसाठी निघालेली गाडी अशाने संपूर्ण गिअरपेटी गमावून पोहोचते. तेव्हा इंजिनाची शक्ती घेणारी चाके जमिनीवरून उचलावीत, नाहीतर गाडी मालमोटारीवर चढवूनच न्यावी. त्याचे भाडे नव्या गिअरपेटीपुढे काहीच नाही.