अडल्या ठिकाणीच साहाय्य : जुन्या संगणक-प्रणालीस मार्गदर्शन कसे जोडावे

जनरल रजिस्टरातील नोंदी, निकालपत्रके, शाळा सोडल्याचा दाखला इत्यादी कामे आता पुष्कळ शाळांतून संगणकावर होतात. त्यांसाठी वापरली जाणारी प्रणाली बहुधा काही वर्षांपूर्वी कोणी तरी तयार करून दिलेली असते. तिची माहितीपुस्तिका कपाटात पडून राहते व काम करणारा शिक्षक एखाद्या रकान्यापाशी थबकतो. प्रणाली तीच ठेवून तिला त्या त्या रकान्यापुरते साहाय्य कसे जोडता येते, हे येथे सांगावयाचे आहे.

उमरगा तालुक्यातील एका शाळेत पाहिलेली गोष्ट आहे. ५ जून २०१९ रोजी जन्मलेल्या एका मुलीची जन्मतारीख शिक्षकांनी आपल्या रिवाजाप्रमाणे ०५/०६/२०१९ अशी भरली. त्या यंत्रातील तारखेची मांडणी अमेरिकन, म्हणजे महिना आधी घेणारी होती. प्रणालीने ६ मे ही तारीख धरली आणि दाखल्यावर अक्षरी तीच उमटली. तारीख १३ किंवा त्यापुढची असती तर चूक तेथेच लक्षात आली असती, कारण तेरावा महिना नसतो. बारापर्यंतच्या तारखा मात्र मुकाट्याने स्वीकारल्या जातात. दाखल्यावरील जन्मतारीख पुढे आयुष्यभर सोबत करते, ती दुरुस्त करून घेताना पालकांना किती खेटे घालावे लागतात हे शिक्षकांस सांगावयास नको. याविषयीची सूचना पुस्तिकेत होती. परंतु ती रकान्याजवळ नव्हती.

कळफलकावरील एफ-१ ही कळ साहाय्यासाठी राखण्याचा संकेत आयबीएम कंपनीने १९८७ मध्ये आपल्या नियमावलीत घातला व तो पुढे रूढ झाला. एमएस-सीआयटीच्या वर्गात ही कळ सर्वांनी शिकलेली असते; परंतु ती दाबली असता शंभर पानांचे अनुक्रमणीपत्र उघडले, तर पुन्हा कोण दाबील? साहाय्य प्रसंगोचित हवे. त्याची योजना साधी आहे. प्रत्येक रकान्यास एक क्रमांक असतो. कोणता क्रमांक कोणत्या टिपेचा, याचा तक्ता निराळा ठेवावयाचा. कळ दाबताच प्रणाली पाहते की आता कर्सर कोठे आहे, तो क्रमांक तक्त्यात शोधते व नेमकी तेवढीच टीप उघडते. त्या रकान्याची टीप नसेल तर संपूर्ण खिडकीची दाखवावी. निदान रिते पान तरी दाखवू नये. प्रणालीची मूळ संहिता उपलब्ध असेल तर कोणीही जाणता प्रोग्रामर रकान्यांस असे क्रमांक देऊ शकेल.

बहुतेक शाळांची अडचण अशी की, करणारा माणूस निघून गेला आणि संहिता त्याच्याबरोबर गेली. तरीही मार्ग आहे. ऑटोहॉटकी नावाचे विनामूल्य साधन बाहेरून पाहू शकते की कोणती खिडकी उघडी आहे आणि त्यातील कितवा रकाना चालू आहे. जुन्या धर्तीच्या खिडक्यांत ते रकान्यास ‘एडिट ३’ अशासारखे नाव देते. त्या नावास टीप जोडून, एफ-१ दाबताच ती दाखविण्याचे काम पाचपंचवीस ओळींत होते. मूळ प्रणालीस हात लागत नाही. मात्र सावध असावे. नव्या आवृत्तीत मध्येच एक रकाना वाढला की तिसरा चौथा होतो, आणि वडिलांच्या नावाची टीप जन्मतारखेवर येते. म्हणून प्रत्येक आवृत्तीनंतर साऱ्या टिपा एकदा दाबून पाहाव्यात; चुकीच्या मार्गदर्शनापेक्षा मार्गदर्शन नसलेले बरे.

टिपा लिहिणे हे मात्र प्रोग्रामरचे काम नव्हे, शिक्षकाचे आहे. नवख्या सहकाऱ्याशेजारी एक दुपार बसावे, काही सांगू नये, आणि त्याचा हात कोठे थांबतो तेवढे टिपून घ्यावे. अशा जागा सहसा थोड्याच निघतात. टिपेच्या पहिल्याच वाक्यात काय करावयाचे ते यावे : ‘जन्मतारीख जनरल रजिस्टरात आहे तशीच भरा, भरल्यावर खालील अक्षरी तारीख वाचून पाहा.’ कारणे नंतर. आणि जेथे शक्य असेल तेथे टिपेऐवजी रकानाच सुधारावा. महिना आकड्याने न लिहिता नावाने निवडावयास ठेवला, तर वर सांगितलेली चूक होणारच नाही. टीप हा दुसरा उपाय आहे, पहिला नव्हे.

टिपा महाजालावर ठेवाव्या की यंत्रात? जोडणी नसेल त्या दिवशीही दाखला द्यावाच लागतो. तेव्हा प्रत यंत्रात असावी. विंडोजमधील सीएचएम या साहाय्य-धारिका १९९७ पासून चालत आल्या आहेत. परंतु २००५ च्या सुरक्षा-सुधारणेनंतर दुसऱ्या यंत्रावरून जाळ्यामार्फत उघडल्यास त्यांची पाने कोरी दिसतात, याचा अनुभव अनेकांना आला असेल. साधी मजकूर-धारिका पुरेशी आहे. ती युनिकोडमध्ये जतन करावी. जुन्या खास टंकांत लिहिलेली मराठी दुसऱ्या यंत्रावर अगम्य चिन्हे होऊन दिसते. सीमेवरच्या या तालुक्यात मराठीबरोबर कन्नड व उर्दू माध्यमाचेही वर्ग आहेत. रकान्याचा क्रमांक एकच ठेवून त्यापुढे तिन्ही भाषांतील टीप लिहिता येते. तीसाठी प्रणाली बदलावी लागत नाही, त्या त्या शाळेतील शिक्षकांनी एकदा एकत्र बसावे लागते.