नव्या घरातील सर्प : बॉल पायथनच्या स्थिरावण्याची मीमांसा

१९६१ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथील प्राणिसंग्रहालयास एका खाजगी पाळणाऱ्याकडून बॉल पायथन जातीची एक मादी मिळाली. २०२० च्या जुलै महिन्यात याच मादीने सात अंडी घातली. त्या वेळी तिचे वय साठ वर्षांहून अधिक असावे, असा संग्रहालयाचा अंदाज होता. सर्प पाळावयास घेणे हा निर्णय किती दीर्घकालाचा ठरू शकतो, याचे हे बोलके उदाहरण होय. तथापि या दीर्घ सहवासातील सर्वांत नाजूक काळ कोणता, असे विचारले तर पहिल्या काही आठवड्यांकडेच बोट दाखवावे लागेल. या काळात होणाऱ्या चुका बहुधा हयगयीमुळे होत नाहीत. त्या अतिकाळजीमुळे होतात, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे.

बॉल पायथन, शास्त्रीय नाव पायथॉन रेजिअस, हा आफ्रिकेतील अजगरांपैकी सर्वांत लहान होय. सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या गवताळ व विरळ झाडीच्या प्रदेशात त्याचा आढळ आहे. दिवस तो उंदीरवर्गीय प्राण्यांच्या बिळांत किंवा वारुळांत काढतो आणि रात्री बाहेर पडतो. शत्रूची चाहूल लागताच डोके मध्यभागी लपवून तो अंगाचे चेंडूसारखे घट्ट वेटोळे करतो. त्याच्या इंग्रजी नावाचा उगम या सवयीत आहे. पश्चिम आफ्रिकेतील टोगो, बेनिन व घाना या देशांतून ही जात मोठ्या प्रमाणावर निर्यात झाली. पुढे अमेरिकेत व युरोपात तिची बंदिवासातील पैदासही होऊ लागली. बंदिवासात जन्मलेले पिलू आणि रानातून धरून आणलेला प्रौढ सर्प यांत मात्र मोठा भेद आहे. पहिल्यास फक्त जागा बदलावी लागते. दुसऱ्यास साऱ्या जीवनक्रमाचाच त्याग करावा लागतो. त्यात परोपजीवींचा उपद्रव आणि प्रवासाचा शीण यांची भर पडते. यास्तव नवशिक्याने बंदिवासात जन्मलेले व नियमितपणे अन्न घेऊ लागलेले पिलूच निवडावे, हा संकेत रूढ झाला आहे.

स्विस प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगर यांनी १९४२ साली प्रसिद्ध केलेल्या बंदिवासातील वन्य प्राण्यांवरील ग्रंथात एक मूलगामी विचार मांडला. प्रत्येक वन्य प्राण्याचे एक पलायन-अंतर असते. शत्रू त्या अंतराच्या आत आला की प्राणी पळू लागतो. पिंजऱ्यात पळण्यास वाव नसतो; म्हणून भीतीचे निरसन होत नाही, ती साचत राहते. शिवाय प्राण्याच्या दृष्टीने जागेच्या विस्तारापेक्षा तिची गुणवत्ता अधिक मोलाची असते, असेही हेडिगर यांचे प्रतिपादन होते. नवागत सर्पाची अवस्था समजून घेण्यास हे दोन विचार पुरेसे आहेत. मनुष्याला जे प्रशस्त दिसते ते बिळात राहणाऱ्या प्राण्याला उघडे आणि म्हणून भयावह वाटते. मोठ्या, रिकाम्या काचपेटीत ठेवलेले पिलू कोपऱ्यात अंग चोरून बसते व अन्न नाकारते, त्याचे कारण येथे सापडते. पेटी मोठी असण्यास हरकत नाही. मात्र ती पानांनी, सालींनी व आडोशांनी भरलेली असावी.

आडोसा एक असून भागत नाही, दोन लागतात. सर्प स्वतःच्या शरीरात पुरेशी उष्णता निर्माण करीत नाही. उबेच्या जागेतून गारव्याकडे व गारव्यातून उबेकडे सरकत तो आपले उष्णतामान राखतो. म्हणून पेटीच्या एका टोकाशी सुमारे ३१ ते ३३ अंश सेल्सिअस व दुसऱ्या टोकाशी २५ ते २७ अंश इतके उष्णतामान ठेवतात. लपण्याची जागा एकाच टोकाला असेल, तर सर्पापुढे ऊब की सुरक्षितता असा पेच उभा राहतो. भ्यालेला सर्प अशा वेळी सुरक्षिततेलाच चिकटून राहतो आणि मग त्याचे पचन बिघडते. दोन्ही टोकांना अंगाला घट्ट बसतील असे आडोसे ठेवल्यास हा पेच उरत नाही. उष्णता देणारे साधन थर्मोस्टॅटने नियंत्रित असलेच पाहिजे. कारण अतितप्त पृष्ठभागावर सर्प भाजेपर्यंत पडून राहतो, असा अनुभव आहे. हवेतील आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास असावी. ती फार कमी झाल्यास कात अखंड न निघता तुकड्यातुकड्यांनी निघते. ही सर्व मांडणी सर्प घरी येण्यापूर्वी पूर्ण करून काही दिवस तपासून पाहावी, हे ओघानेच आले.

सर्प आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात करावयाचे काम एकच, ते म्हणजे काही न करणे. पाणी बदलावे, विष्ठा असल्यास काढावी, आणि पेटी बंद करावी. याच काळात जिभेने गंधकण टिपून व ते टाळूतील जेकबसनच्या इंद्रियापर्यंत पोहोचवून सर्प नव्या जागेची ओळख करून घेत असतो. त्याला वारंवार हाती घेणे म्हणजे प्रत्येक वेळी त्याचे पलायन-अंतर ओलांडणे होय. रात्री तो आडोशातून बाहेर येऊन संथपणे फिरू लागला, की तो स्थिरावत आहे असे समजावे.

साधारण एका आठवड्यानंतर पहिले अन्न द्यावे. शरीराच्या सर्वांत जाड भागाएवढ्या जाडीचा, गोठवून नंतर पूर्णपणे वितळविलेला व कोमट केलेला उंदीर योग्य ठरतो. ओठांवरील खाचांमधून सर्पास उष्णतेची जाणीव होते. त्यामुळे गार भक्ष्याकडे तो दुर्लक्ष करतो. जिवंत उंदीर पेटीत सोडून देणे धोक्याचे असते, कारण भुकेला उंदीरच सर्पाला चावून जायबंदी करू शकतो. अन्न घेतल्यावर निदान दोन दिवस सर्पास हात लावू नये. ब्रह्मी अजगरावर स्टीफन सेकोर व जॅरेड डायमंड यांनी केलेल्या संशोधनातून, भोजनानंतर त्याचा प्राणवायूचा वापर अनेक पटींनी वाढतो व लहान आतड्याचे वस्तुमान सुमारे दुप्पट होते, असे दिसून आले. पचन हे अजगराच्या शरीरास पडणारे मोठे श्रमच होत. त्यात व्यत्यय आला, तर भक्ष्य ओकून टाकले जाण्याचा संभव असतो.

पाळणाऱ्याची खरी कसोटी सर्पाने अन्न नाकारल्यावर लागते. उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या अनुभवावरून मनुष्य उपवासाचा अर्थ आजार असा लावतो. मग तो रोज नवे भक्ष्य दाखवतो, पेटीची मांडणी बदलतो, सर्पाला उचलून तपासतो. अशा प्रकारे उपासाचे जे मूळ कारण, म्हणजे अस्वस्थता, तेच तो वाढवीत जातो. वास्तविक प्रौढ बॉल पायथन कित्येक महिने निराहार राहू शकतो. पिलास मात्र इतकी मुभा नसते. म्हणून भावनेऐवजी तराजूवर विसंबावे. वजन स्थिर असेल तर आठवड्याने पुन्हा अन्न द्यावे. वजन सतत घटत असेल, श्वासाचा आवाज येत असेल किंवा तोंडाशी फेस दिसत असेल, तर पशुवैद्यास दाखविण्यास विलंब करू नये. घरात अन्य सर्प असल्यास नवागतास दोन ते तीन महिने स्वतंत्र खोलीत ठेवावे. माइट नावाचे सूक्ष्म परोपजीवी व काही विषाणुजन्य रोग निरोगी दिसणाऱ्या सर्पाकडूनही पसरतात.

भारतातील वाचकाने येथे एक मर्यादा ध्यानी घ्यावयास हवी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने संरक्षण दिलेले नाग, धामण, अजगर इत्यादी देशी सर्प घरी पाळणे हा गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी जातींसाठी २०२२ च्या दुरुस्तीने व तदनंतरच्या २०२४ च्या नियमांनी नोंदणी बंधनकारक केली आहे. कायद्याचा हा दंडक आणि वर वर्णिलेला जीवशास्त्रीय दंडक यांचे तात्पर्य एकच आहे. सर्प हा कुत्र्यामांजरांसारखा माणसाळत नाही. फार तर तो माणसाची भीती बाळगणे सोडतो. ती भीती सुटावी यासाठी मनुष्याने आपला उत्साह काही आठवडे आवरून धरणे, हीच नव्या घराची पहिली आणि सर्वांत आवश्यक सोय होय.