संशोधनाचा ताळा

गणित सुटले की ताळा करून पाहा, असे आपण शाळेत मुलांना सांगतो. उत्तर बरोबर दिसते, एवढ्याने भागत नाही. ते पडताळावे लागते. शास्त्रज्ञांच्या गणितांनाही हाच नियम लागू आहे.

संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दुर्बीण नाहीतर काचेच्या नळ्या येतात. पण हल्ली मोजमापे हाती आली, की पुढची आकडेमोड संगणक करतो. त्यासाठी त्याला पायरीपायरीने सूचना लिहून द्याव्या लागतात. ह्या सूचना म्हणजेच सॉफ्टवेअर. पुष्कळदा संशोधक त्या स्वतःच लिहितो. तो आपल्या विषयात पारंगत असतो खरा, पण सूचना लिहिण्याची रीत त्याला शिकवलेली असतेच असे नाही. ब्रिटनमधील १५ विद्यापीठांची २०१४ साली पाहणी झाली. शंभरातले ९२ संशोधक सॉफ्टवेअर वापरत होते. ६९ जण म्हणाले, त्यावाचून आमचे काम चालणारच नाही.

मग चूक झाली तर? अमेरिकेत एका प्रयोगशाळेत प्रथिनांची रचना शोधण्याचे काम चालू होते. घरच्या घरी लिहिलेल्या एका प्रोग्रॅममध्ये आकड्यांच्या दोन रकान्यांची अदलाबदल झाली. परिणामी रचना उलटी निघाली, आरशात उजवा हात डावा दिसावा तशी! पहिला निबंध २००१ साली छापला गेला. चूक उमगून निबंध मागे घ्यायला २००६ उजाडले. मधली पाच वर्षे इतरांनीही त्याच रचनेचा आधार घेतला. पाया तिरका, मग भिंत सरळ कशी यावी?

ह्यावर उपाय म्हणून ब्रिटनमध्ये २०१० साली 'सॉफ्टवेअर सस्टेनेबिलिटी इन्स्टिट्यूट' ही संस्था निघाली. एडिंबरो, मँचेस्टर, ऑक्सफर्ड व साउदॅम्प्टन ही चार विद्यापीठे तिच्यामागे आहेत. २०१२ पासून ती फेलोशिप देऊ लागली. रक्कम फार नाही, तीन-चार हजार पौंड. हा पगार नव्हे. फेलोने आपल्याच विषयात राहावे आणि ह्या पैशातून वर्ग भरवावेत, प्रवास करावा, भोवतालच्या मंडळींना चांगली रीत शिकवावी, अशी अपेक्षा असते. अमेरिकेतही २०१८ साली अशाच फेलोशिपा सुरू झाल्या.

ही रीत तरी कोणती? पहिली गोष्ट म्हणजे नोंद. तलाठ्याच्या दप्तरात फेरफार कधी झाला, कशामुळे झाला, हे जसे मागाहून पाहता येते, तसेच प्रोग्रॅममधला प्रत्येक बदल तारखेनिशी राखून ठेवायचा. दुसरी गोष्ट ताळ्याची. ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असे उदाहरण प्रोग्रॅमला घालायचे आणि तेच उत्तर येते का, ते पाहायचे. तिसरी, लिहिलेले दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे. आपली चूक आपल्याला सहसा दिसत नाही. चौथी, वापरण्याची माहिती लिहून ठेवायची. नाहीतर विद्यार्थी पदवी घेऊन गेला, की त्याच्या प्रोग्रॅमची किल्लीही त्याच्याबरोबर जाते.

कोणी म्हणेल, एवढ्याशा रकमेने काय होणार? पण सवय ही हुकमाने लागत नाही. शेजाऱ्याचे पाहून लागते. एका विभागात एकाने नीट काम केले, की दुसरा त्याला विचारायला येतो.

पावसाचा अंदाज असो, औषधाची मात्रा असो, आज त्यामागे संगणकाचे गणित असते. ते चुकले तर भुर्दंड प्रयोगशाळेला नव्हे, तुम्हा-आम्हाला पडतो. म्हणून शिक्षक मित्रांना एवढीच विनंती: मुलांच्या उत्तराला गुण द्या, पण रीत लिहिली आहे का, ताळा केला आहे का, हेही जरूर पाहा. उद्याचे संशोधक त्याच बाकांवर बसले आहेत.