अर्क न देणाऱ्या फुलाचा सुगंध

गुलाब, मोगरा, केवडा ही मोठी उदार फुले. कनौजच्या तांब्याच्या डेगांत ती पाण्यासह तापविली, की त्यांचा सुगंध वाफेबरोबर बाहेर पडतो आणि परंपरेने चालत आलेल्या रीतीप्रमाणे चंदनाच्या तेलात मुरतो. परंतु सर्वच फुले अशी दानशूर नसतात.

युरोपातील ‘लिली ऑफ द व्हॅली’ हे असेच एक हात राखून असणारे फूल. फ्रेंच लोक त्याला ‘म्युगे’ म्हणतात. दोन रुंद पानांमधून निघालेल्या बाकदार देठावर इवल्याशा पांढऱ्या घंटा लोंबत असतात. १ मे रोजी या फुलांची डहाळी आप्तेष्टांना भेट देण्याची फ्रान्समध्ये चाल आहे. प्रख्यात वेशभूषाकार ख्रिस्तियान दिओर यांचे तर हे अत्यंत आवडते फूल. पण वाफेने काढा की द्रावकाने, अत्तरकाराच्या कामी येईल असा अर्क त्यातून मिळत नाही.

मग या फुलाचा सुगंध कुपीत भरावयाचा कसा? एदमों रुदनित्स्का या अत्तरकाराने ग्रास शहराजवळील काब्रिस गावी आपल्या बागेत ही फुले लावली आणि त्यांचा वास बारकाईने निरखला. त्या काळच्या अतिगोड, मिठाईची आठवण देणाऱ्या सुगंधांना तो कंटाळला होता. रसायनशाळेत बनलेले हायड्रॉक्सिसिट्रोनेलाल, चमेली आणि इतर काही द्रव्ये यांच्या मेळातून त्याने तो वास नव्याने रचला. १९५६ साली ‘दिओरिसिमो’ या नावाने तो बाजारात आला.

हा सुगंध लावताच प्रथम जाणवतो तो ओल्या हिरव्या पानांचा ताजेपणा. मागोमाग घंटाफुलांचा शीतल दरवळ येतो. तळाशी चमेलीचा किंचित मादक गंध असतो. तो नसता, तर साऱ्याला केवळ उंची साबणाची कळा आली असती.

आपल्या उष्ण हवेत असा सुगंध झपाट्याने उडतो व एकदम पसरतो. म्हणून मनगटावर वा कानामागे एखाददुसरा थेंब पुरे. सकाळच्या वेळी, सुती वस्त्रांबरोबर तो विशेष शोभतो. केसांत मोगऱ्याचा गजरा असेल, त्या दिवशी मात्र कुपी बंदच ठेवावी; गजऱ्यापुढे त्याचा निभाव लागत नाही. रेशमी साडीवर तो शिंपडू नये, डाग पडण्याची भीती असते.

आईच्या कुपीतील सुगंध नव्या कुपीत शोधणाऱ्या मुलीने आणखी एक गोष्ट जाणून असावे. हायड्रॉक्सिसिट्रोनेलाल काहींच्या त्वचेला सोसत नाही, म्हणून त्याच्या वापरावर आता मर्यादा आहेत. या फुलाच्या नकलेसाठी अत्तरकार पुढे ज्यांचा आधार घेऊ लागले, त्यांपैकी लायरल आणि लिलियल ही दोन द्रव्ये युरोपीय संघाच्या बाजारातून अनुक्रमे २०२१ व २०२२ साली बंद झाली. त्यामुळे अशा सुगंधांची घडण पुनःपुन्हा बदलावी लागते. नाव तेच राहिले, तरी दरवळ तंतोतंत तोच असेल असे नाही. तेव्हा केवळ नावावर विसंबून मोल मोजू नये. एक थेंब मनगटावर लावावा, तासभर थांबावे, त्वचेला तो मानवतो का ते पाहावे आणि मगच कुपी घरी आणावी.