गाण्याच्या शेवटी ‘वामन’

लोककवी वामनदादा कर्डक यांनी गाणी स्वतः रचली, स्वतः गायली आणि ती घेऊन सुमारे सहा दशके महाराष्ट्र पालथा घातला. त्यांची कारकीर्द उभी राहिली ती आंबेडकर जयंतीच्या मांडवात.

१५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात, देशवंडी गावी त्यांचा जन्म झाला. त्या भागातली माणसे पोटासाठी मुंबईला निघत ती कसारा घाट उतरून, वासिंद, खडवली, टिटवाळा मागे टाकत. वामनदादाही मुंबईत आले आणि मिळेल ती मजुरी करू लागले. शाळा नशिबी नव्हतीच. अक्षरओळख झाली ती तरुणपणी, मुंबईतच. १९४३ मध्ये त्यांनी पहिले गाणे रचले, तेही एका हिंदी गाण्याच्या चालीवरचे विडंबन. पुढे बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने त्यांच्या गाण्याला विषय दिला, आणि श्रोतेही दिले.

हे श्रोते आधीपासून तयार होते. आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेतला, पण गणातले देवस्तवन आणि गवळणीतला कृष्ण बाजूला सारून तिथे शिक्षण, पाणी आणि माणुसकीचे हक्क आणले. शाहीर भीमराव कर्डक हे या जलशांतले मोठे नाव. जलसे मागे पडत गेले आणि त्यांची जागा गायन पार्ट्यांनी घेतली. पेटी, ढोलकी, बेंजो, मागे कोरस आणि समोर रस्त्यावर बसलेली वस्ती, एवढ्यावर रात्र रंगते. कव्वालीचा सामना असेल तर सवाल-जवाबात पहाटही होते. १४ एप्रिलच्या जयंतीपासून बुद्धपौर्णिमेपर्यंत कलावंतांना उसंत नसते. नंतरच्या तारखा धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपास पडतात.

या व्यवस्थेत गाणे कागदापेक्षा तोंडातोंडी वेगाने फिरते. एका गावात ऐकलेले दुसऱ्या गावचा गायक उचलतो, चाल बदलतो, कधी कडवेही गाळतो. मग कर्ता कोण हे कळायचे कसे? अभंगात तुकाराम ‘तुका म्हणे’ म्हणून थांबतात, गझलेच्या मक्त्यात शायर आपले नाव गुंफतो. वामनदादांनी तीच रीत धरली. त्यांच्या कितीतरी गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ येतो. मालकी हक्काचा कागद नसलेल्या कवीसाठी याहून पक्की नोंद दुसरी नसावी.

छापील रूप उशिरा आले: ‘वाटचाल’ (१९७३), ‘मोहळ’ (१९७६), ‘हे गीत वामनाचे’ (१९७७), आणि पुढे ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे आत्मकथन. एव्हाना तबकड्या आल्या होत्या, मागोमाग कॅसेटही आल्या. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, श्रावण यशवंते अशा गायकांच्या आवाजात बाबासाहेबांवरची भीमगीते घरोघर पोहोचली. प्रसिद्धी मात्र बहुतेक गायकाच्या वाट्याला गेली. लिहिणारा मागेच राहिला, आणि हा अन्याय आजही फारसा कमी झालेला नाही.

१५ मे २००४ रोजी वामनदादा गेले. त्यांची गाणी आजही जयंतीच्या मंचावर गायली जातात. खडवलीपासून देशवंडीपर्यंत कुठेही असा कार्यक्रम ठरवणाऱ्या मंडळांनी एवढे करावे: फलकावर गायकाच्या नावाखाली गीतकाराचेही नाव छापावे, आणि निवेदकाने गाणे सुरू होण्याआधी ते मोठ्याने घ्यावे.