विश्लेषण : सैनिकाला 'आयर्न मॅन' बनवणे इतके अवघड का?

डोक्यापासून पायापर्यंत गोळी न भेदणारा पोशाख घालून सैनिक शत्रूच्या घरात शिरतो, हे दृश्य चित्रपटात सोपे वाटते. अमेरिकेच्या विशेष दलांनी २०१३ मध्ये ते खरोखर करून पाहायला घेतले आणि २०१९ मध्ये थांबवले. भारतातील प्रयत्न मात्र वेगळे आहेत. येथे पूर्ण चिलखताऐवजी छाती आणि पाठीवरच्या प्लेट हलक्या करण्यावर भर आहे. असे का, याचे उत्तर एका साध्या गुणाकारात आहे.

अमेरिकेचा प्रयोग काय होता?

डिसेंबर २०१२ मध्ये अफगाणिस्तानात ओलीस ठेवलेल्या एका अमेरिकी डॉक्टरच्या सुटकेसाठी नेव्ही सील्सच्या तुकडीने छापा घातला. डॉक्टर वाचले, पण दारातून सर्वांत आधी आत शिरलेला जवान मारला गेला. त्या 'पहिल्या' जवानाला वाचवता आले पाहिजे, या हेतूने विशेष दलांचे तत्कालीन प्रमुख ॲडमिरल विल्यम मॅकरेव्हन यांनी 'टॅलोस' प्रकल्प जाहीर केला. टॅलोस हा ग्रीक पुराणातील ब्राँझचा महाकाय रक्षक. पूर्ण अंगभर चिलखत, त्याचे वजन पेलणारा यांत्रिक सांगाडा, हेल्मेटमध्येच दिसणारी माहिती, असा हा बेत होता. 'आयर्न मॅन' चित्रपटाचे पोशाख बनवणारी कंपनीही त्यात होती. २०१८ पर्यंत नमुना तयार करायचा होता. नमुन्यापर्यंत काम गेलेही, पण तो जवळच्या लढाईत वापरण्याजोगा नाही, असा निष्कर्ष निघाला. मग त्यातील उपयोगी सुटे भाग तेवढे पुढे नेण्याचे ठरले.

अडते कुठे?

वजनावर. चिलखताचे वजन दर चौरस मीटरला किती किलो, असे मोजतात. कानपूर येथील डीआरडीओच्या प्रयोगशाळेने (डीएमएसआरडीई) एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केलेल्या जॅकेटमधील प्लेटचा हा आकडा ४० किलोपेक्षा कमी आहे. देशात विकसित झालेले सर्वांत हलके जॅकेट असा त्याचा उल्लेख झाला होता. आता २५ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच प्लेट धरा. क्षेत्रफळ ०.०७५ चौरस मीटर, म्हणजे वजन जवळपास ३ किलो. पुढची आणि मागची मिळून ६ किलो. इथपर्यंत ठीक.

पण प्रौढ पुरुषाच्या शरीराचे एकूण पृष्ठफळ सुमारे १.८ चौरस मीटर असते. त्याला ४० ने गुणले की ७२ किलो होतात. हिशेब ढोबळ आहे, पण अर्थ स्पष्ट आहे : सैनिकाने अंगावर आणखी एक माणूस वागवायचा. ते वजन पेलायला मोटारी हव्यात, मोटारींना बॅटरी हवी आणि बॅटरीलाही वजन असते. शिवाय गोळीबार सुरू असताना ती संपली, तर आतला सैनिक जागीच अडकणार.

सैनिकाच्या अंगावर आधीच ओझे असते, ते वेगळेच. अमेरिकी लष्कराने २००३ मध्ये अफगाणिस्तानात प्रत्यक्ष वजने घेतली, तेव्हा लढताना सरासरी २९ किलो आणि मुक्कामाच्या सामानासह पायी कूच करताना सुमारे ४६ किलो भार आढळला. थकलेला सैनिक सावकाश हलतो आणि सावकाश हलणाऱ्यावर नेम धरणे सोपे असते. त्यामुळे जास्त चिलखत म्हणजे जास्त सुरक्षा, हे समीकरण एका मर्यादेनंतर उलटते.

प्लेट गोळी अडवते कशी?

१९६५ मध्ये 'ड्युपाँट'च्या रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक यांनी शोधलेल्या तंतूतून पुढे केव्हलार आले. त्याच्या थरांचे मऊ जॅकेट पिस्तुलाची गोळी आणि स्फोटाच्या ठिकऱ्या अडवते. रायफलची, त्यातही पोलादी गाभ्याची गोळी त्याला दाद देत नाही. तिच्यासाठी कठीण प्लेट लागते.

या प्लेटचे दोन भाग असतात. पुढे सिरॅमिक, मागे पॉलिमर. सिरॅमिक इतके कठीण असते की गोळीचे टोकच त्यावर चुरडते आणि तुटते. उरलेले तुकडे मागचा थर जाळ्यासारखे पकडतो. हा थर बहुधा अतिदीर्घ साखळ्यांच्या पॉलिथिलीनचा असतो. किराणा दुकानातील पिशवीचे आणि त्याचे कूळ एकच, फक्त रेणूंची लांबी आणि मांडणी वेगळी. तो पाण्यापेक्षाही हलका असतो.

हलकेपणाची खरी लढाई सिरॅमिकमध्ये आहे. पोलादाची घनता घन सेंटिमीटरला सुमारे ७.८ ग्रॅम, ॲल्युमिनाची ३.९ आणि बोरॉन कार्बाइडची २.५ ग्रॅम. कठीणपणात बोरॉन कार्बाइड हिऱ्याच्या रांगेत बसते. अडचण अशी, की ते घडवायला २,००० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान आणि प्रचंड दाब लागतो. म्हणून ते महाग पडते. पहिल्या गोळीने सिरॅमिकला तडे जातात, म्हणून एकाच प्लेटवर अनेक गोळ्या झाडून चाचणी होते. कानपूरच्या प्लेटने ७.६२ मिमी चिलखतभेदी स्नायपर रायफलच्या सहा गोळ्या अडवल्या.

गोळी अडली म्हणजे जीव वाचला?

तेवढे पुरेसे नाही. गोळी आरपार गेली नाही तरी प्लेट मागे फुगते आणि तो धक्का बरगड्यांना, फुप्फुसांना बसतो. अमेरिकी मानकानुसार चाचणीत जॅकेटमागे ठेवलेल्या मातीत ४४ मिलिमीटरपेक्षा खोल खड्डा पडला, तर जॅकेट नापास. पुण्याच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनीअरिंगमध्ये 'सर्वत्र' हे जॅकेट विकसित करणारे मेजर अनूप मिश्रा यांच्या कामाची सुरुवात अशाच अनुभवातून झाली. त्यांना लागलेली गोळी जॅकेटने अडवली होती, पण आघात शरीरापर्यंत पोहोचलाच. या कामासाठी २०१९ मध्ये त्यांचा गौरव झाला.

भारतात एवढा वेळ का लागला?

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर 'बुलेटप्रूफ जॅकेट' हे शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे यांच्या जॅकेटवरून वाद झाला आणि ते जॅकेट पुढे गहाळ झाले. लष्करासाठी १ लाख ८६ हजार जॅकेट घेण्याला २००९ मध्ये मंजुरी मिळाली, मात्र ६३९ कोटींचा करार व्हायला एप्रिल २०१८ उजाडले. मधली वर्षे चाचण्या, नापास नमुने आणि पुन्हा निविदा यांत गेली. भारतीय मानक ब्युरोचे स्वतंत्र मानकही २०१८ मध्येच आले. त्याआधी संशोधक काय गाठायचे ठरवणार?

त्यानंतर वेग वाढला, हे मान्य करावे लागेल. सप्टेंबर २०२४ मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्ली यांनी 'अभेद' जॅकेट जाहीर केले. देशी बोरॉन कार्बाइड आणि पॉलिमर वापरून केलेल्या या जॅकेटचे वजन संरक्षणाच्या पातळीनुसार किमान ८.२ आणि ९.५ किलो आहे.

कापडाचे काय?

१५ जानेवारी २०२२ च्या लष्कर दिनी दिसलेला, 'निफ्ट'च्या मदतीने केलेला नवा गणवेश गोळी अडवत नाही. त्याचे काम लपवण्याचे आणि घाम वाळवण्याचे. जॅकेटखाली घाम कोंडतो आणि राजस्थानच्या उन्हात उष्माघातही सैनिकाला आडवा करतो, म्हणून हेही संरक्षणच.

'द्रव चिलखता'ची चर्चा अधूनमधून होते. कॉर्नफ्लॉर पाण्यात कालवून बुक्की मारली की ते घट्ट लागते, त्याच तत्त्वावर नॅनोकण मिसळलेला द्रव केव्हलारमध्ये मुरवतात. चाकू, सुई यांच्याविरुद्ध तो उपयोगी ठरतो. रायफलच्या गोळीसाठी सिरॅमिकला पर्याय होण्याइतका तो अजून पुढे गेलेला नाही.

पुढचा प्रश्न कोणता?

युक्रेन युद्धात धोका वरून येतो. ड्रोनमधून पडलेल्या स्फोटकाच्या ठिकऱ्या मान, दंड, मांड्या अशा प्लेट नसलेल्या जागी लागतात. तेथे प्लेट लावली तर पुन्हा तोच गुणाकार. त्यामुळे या भागांसाठी मऊ, वाकणारे थर कसे द्यायचे, यावर आता काम करावे लागणार आहे. 'अभेद'चे तंत्रज्ञान देण्यासाठी तीन भारतीय उद्योगांची निवड झाली आहे. या प्लेट मोठ्या संख्येने बनताना प्रत्येकीचा दर्जा तोच राहतो का, हे कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक खेपेतील काही प्लेटवर गोळ्या झाडूनच कळेल.